कुवेतच्या निळ्या आकाशाखालचा ओझोन : तो का वाढतो आणि कसा घटेल

कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसाची खराब हवेची कल्पना धुळीशी जोडलेली असते. वायव्येकडून शमाल सुटला, क्षितिज तांबूस झाले, की खिडक्या लावून घेतल्या जातात, मुलांना घरात बोलावले जाते आणि दम्याच्या रुग्णांचे पंप बाहेर निघतात. धूळ खाली बसून आकाश पुन्हा निळे झाले, की हवा स्वच्छ झाली असे आपण गृहीत धरतो. उन्हाळ्यात मात्र नेमक्या अशाच निरभ्र आणि झगझगीत दुपारी जमिनीलगतच्या ओझोनचे प्रमाण दिवसातील उच्चांक गाठते. तो धुळीसारखा दिसत नाही आणि नेहमीच्या प्रमाणात त्याचा वासही जाणवत नाही. कोणत्याही धुराड्यातून वा गाडीच्या नळीतून तो थेट बाहेरही पडत नाही. तरीही आखाती देशांच्या हवेतील अत्यंत चिवट प्रदूषकांमध्ये त्याची गणना होते.

या प्रदूषकाची घडण, कुवेतमध्ये त्याला मिळणारे पोषक वातावरण आणि त्याला आवर घालण्याचे मार्ग यांचा हा आढावा. आपल्यापैकी अनेक जण येथील तेल, वीज, बांधकाम आणि आरोग्य या क्षेत्रांत काम करतात. त्यामुळे हा विषय आपल्या श्वासाशी जितका निगडित आहे, तितकाच आपल्या रोजच्या कामाशीही आहे.

दुरून साजरा

ओझोन म्हणजे प्राणवायूच्या तीन अणूंचा रेणू. बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तियन शोनबाइन यांनी १८३९-४० च्या सुमारास तो ओळखला आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन जमिनीपासून बराच उंचावर, स्थितांबरात असतो. सूर्याची घातक अतिनील किरणे तेथे तो शोषून घेतो, म्हणून त्याला आपण पृथ्वीचे कवच म्हणतो. तोच रेणू आपण श्वास घेतो त्या थरात आला की फुप्फुसांच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला चढवतो. दुरून डोंगर साजरे ही म्हण या वायूला तंतोतंत लागू पडते.

जमिनीलगतच्या ओझोनचे कोडे उलगडले ते लॉस एंजेलिसमध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुरके पसरू लागले. कॅल्टेकमधील आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचे कारण दाखवून दिले. गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी हायड्रोकार्बनची वाफ व नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. पेट्रोल, धूर आणि ऊन हे तिन्ही घटक कुवेतमध्ये मुबलक आहेत, हे वेगळे सांगायला नको.

ऊन, वाफ आणि धूर

इंजिन, बॉयलर किंवा टर्बाइनमध्ये उच्च तापमानावर ज्वलन होते, तेव्हा हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड आणि त्यापासून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. उन्हामुळे नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजनचा एक अणू सुटा होतो. हा सुटा अणू हवेतील ऑक्सिजनच्या रेणूला चिकटला की ओझोन तयार होतो. एवढेच घडले असते तर चिंता नव्हती, कारण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि हिशेब शून्यावर येतो.

हा हिशेब बिघडवतात बाष्पशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे पेट्रोलची वाफ, रंगांतील द्रावके, रसायन कारखान्यांतील एथिलीन व प्रोपिलीन यांसारखी द्रव्ये. उन्हात त्यांचे विघटन होताना जे क्रियाशील तुकडे निर्माण होतात, ते ओझोनला हात न लावताच नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये करतात. मग ओझोन बनत राहतो आणि त्याला खाणारे कोणी उरत नाही. सकाळच्या रहदारीतील धूर आणि दिवसभर उडणारी वाफ यांचे फळ दुपारी दिसते ते यामुळे. वारा वाहत असल्याने ते बहुधा उगमापासून काही किलोमीटर दूर दिसते. गर्दीच्या रस्त्यालगत ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन गिळत असतो. म्हणून हमरस्त्यावर ओझोन कमी आणि शांत उपनगरात अधिक, असा उलटा अनुभव येतो.

कुवेतचे गणित

कुवेतचे क्षेत्रफळ सुमारे १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित मोठे. एवढ्याशा भूमीवर जगातील दुसऱ्या क्रमांकाचे मानले जाणारे बुरगान तेलक्षेत्र आहे. मिना अल-अहमदी आणि मिना अब्दुल्ला हे दोन कारखाने मिळून दररोज सुमारे ८ लाख बॅरल तेल शुद्ध करू शकतात. नोव्हेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या अल-झूर कारखान्याची क्षमता ६ लाख १५ हजार बॅरलची आहे. शुऐबाचा जुना कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, पण त्याच्या परिसरातील रसायन उद्योग चालू आहेत. हा सारा पट्टा दक्षिण किनाऱ्यावर आहे आणि फहाहील, मंगफ, अबू हलीफा या भारतीयांच्या दाट वस्त्या त्याच्या शेजारीच आहेत.

याच्या जोडीला उष्णता आहे. उत्तर कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले. उष्णतेने ओझोनला दुहेरी बळ मिळते. टाक्यांतून आणि गाड्यांतून वाफ अधिक उडते आणि रासायनिक क्रियांचा वेगही वाढतो. त्यात वातानुकूलनासाठी वीजकेंद्रे पूर्ण भाराने चालवावी लागतात. उन्हाळ्यातील कमाल वीजमागणीचा सुमारे ७० टक्के हिस्सा एकट्या वातानुकूलनाचा असतो असे मानले जाते. म्हणजे ज्या दिवशी ऊन सर्वाधिक, त्याच दिवशी नायट्रोजनची ऑक्साइडेही सर्वाधिक.

खालदिया या निवासी भागातील मोजमापांवर आधारित एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ओझोनमधील चढउतारांचा ३३ ते ४१ टक्के भाग हवामानाशी निगडित असल्याचे त्यात आढळले. उरलेल्या भागात नायट्रोजनची ऑक्साइडे आणि मिथेनखेरीज अन्य हायड्रोकार्बन यांचा प्रभाव मोठा होता. हवामान आपल्या हाती नाही, पण उरलेला मोठा वाटा माणसाच्या हाती आहे, असा या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ घेता येतो.

प्रश्न एकट्या कुवेतचाही नाही. माइन्झ येथील माक्स प्लांक रसायन संस्थेचे योस लेलिफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आखाती प्रदेशातील तीव्र ओझोन प्रदूषणावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दूरवरून वाहत येणारे प्रदूषण, स्थानिक उत्सर्जन आणि प्रखर ऊन यांचा येथे संगम होतो, असे त्यात दाखवले होते. त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१७ च्या उन्हाळ्यात एक संशोधन जहाज फ्रान्समधील तूलाँहून तांबड्या समुद्रामार्गे कुवेतपर्यंत आले आणि परत गेले. या सफरीतील मोजमापांनुसार आखातावर दररोज सुमारे ३२ पीपीबी, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत ३२ भाग, एवढी ओझोनची निव्वळ भर पडत होती. वाटेतील इतर समुद्रांच्या तुलनेत हे प्रमाण सर्वाधिक होते. पाण्यावर ओझोन सहजी नष्ट होत नाही. त्यामुळे समुद्रावर साचलेला ओझोन दुपारच्या सागरी वाऱ्याबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येऊ शकतो.

किती म्हणजे अति?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार ओझोनची आठ तासांची सरासरी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे साधारण ५० पीपीबीच्या वर जाऊ नये. ज्या सलग सहा महिन्यांत ओझोन सर्वाधिक असतो, त्या काळासाठी ६० मायक्रोग्रॅमची आणखी कडक मर्यादा सुचवण्यात आली आहे. भारताने २००९ मध्ये आठ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅमचे मानक स्वीकारले. युरोपीय संघाचे लक्ष्य १२० मायक्रोग्रॅम आहे, तर अमेरिकेचे मानक ७० पीपीबी.

या आकड्यांमागे शरीराचा अनुभव आहे. ओझोनमुळे खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, श्वासनलिका सुजतात आणि दमा उफाळतो. मोठ्या श्रमात माणूस अनेकपट हवा आत घेतो. म्हणून वातानुकूलित कक्षात बसलेल्या अभियंत्यापेक्षा बाहेर सळया बांधणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांत त्याच दुपारी कितीतरी अधिक ओझोन जातो. मुलांची फुप्फुसे वाढीच्या वयात असल्याने त्यांनाही धोका अधिक.

पिकेही यातून सुटत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ओझोनमुळे २००५ या एका वर्षात भारताचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. कापूस आणि सोयाबीन यांनाही झळ बसते, असे त्या अभ्यासात दिसले. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा तोटा हवेतून आला हे कळण्याचा मार्गही नसतो.

घटवायला गेलो तर वाढतो

धूळ किंवा धूर यांच्या बाबतीत उगम बंद केला की प्रदूषण घटते. ओझोनचे तसे नाही. गजबजलेल्या शहरात नायट्रोजनची ऑक्साइडे भरपूर आणि सेंद्रिय वाफ त्या मानाने कमी असेल, तर केवळ ऑक्साइडे थोडी घटवल्याने ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइडच कमी होतो आणि ओझोन वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत हा जगभरचा प्रयोग आपोआप पार पडला. रस्ते ओस पडले, नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, आणि वुहानसह युरोपातील अनेक शहरांत ओझोन मात्र चढला. चीनने २०१३ पासून सूक्ष्म कणांविरुद्ध मोठी मोहीम राबवली. कण घटले, पण पुढील वर्षांत अनेक शहरांत ओझोन वाढत गेला. सेंद्रिय वाफेकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

शहराबाहेर, वाळवंटात आणि खुल्या समुद्रावर परिस्थिती बहुधा उलटी असते. तेथे ऑक्साइडे कमी असल्याने ती आणखी घटवली की ओझोनही घटतो. यावरून कुवेतसाठी क्रम स्पष्ट होतो. वस्ती आणि औद्योगिक पट्ट्यात वाफ प्रथम रोखायला हवी. वीजकेंद्रे, वाहने आणि जहाजे यांच्या धुरावरील नियंत्रण त्याच्या जोडीने, पण दीर्घ पल्ल्याचे आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन करावे लागेल.

वाफ अडवणे

या बाबतीत कुवेतला सर्वांत जवळचा आरसा टेक्सासमधील ह्यूस्टन शहराचा आहे. किनारा, दमट उष्मा, तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगांची रांग, सगळे ओळखीचे. २००० च्या उन्हाळ्यात तेथे विमानांतून मोठे सर्वेक्षण झाले. एथिलीन व प्रोपिलीन यांसारख्या अतिक्रियाशील वायूंचे प्रत्यक्ष उत्सर्जन कारखान्यांच्या कागदोपत्री नोंदींपेक्षा अनेकपट, काही ठिकाणी दहापटीहूनही अधिक असल्याचे आढळले. फ्लेअर, शीतन-मनोरे, झडपा आणि सांधे यांतील गळती हिशेबात आलीच नव्हती. त्यानंतर टेक्सासने या वायूंसाठी स्वतंत्र नियम केले आणि पुढील वर्षांत ह्यूस्टनच्या ओझोनचे शिखर उतरले.

करावयाची कामे अभियंत्यांना परिचित आहेत. साठवण टाक्यांवर तरंगते छत आणि त्याच्या कडेला दुहेरी सील. झडपा, पंप व सांध्यांची अवरक्त कॅमेऱ्याने नियमित तपासणी आणि सापडलेली गळती ठरावीक मुदतीत बंद करणे. टँकर व जहाजे भरताना विस्थापित होणारी वाफ परत गोळा करणे. पेट्रोलपंपावर वाफ ओढून घेणाऱ्या नळ्या बसवणे आणि उन्हाळ्यासाठी कमी बाष्पदाबाचे पेट्रोल पुरवणे. यांतील अनेक उपाय वाचलेल्या तेलाच्या रूपाने स्वतःचा खर्च अंशतः भरून काढतात, कारण उडून गेलेली वाफ हा उडून गेलेला मालच असतो.

कुवेतला हे अशक्य नाही, याचा पुरावा कुवेतमध्येच आहे. कुवेत ऑइल कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २००५ च्या सुमारास उत्पादित वायूपैकी सुमारे १७ टक्के वायू जाळून टाकला जात असे. पुढील दशकात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. यंत्रणा उभारली, मोजमाप ठेवले आणि वरिष्ठांनी पाठपुरावा केला, म्हणून ते घडले. फ्लेअरला जी शिस्त लागली ती गळतीलाही लागू शकते.

दुर्लक्षाची किंमत आपण मुंबईत पाहिली आहे. माहुल, अंबापाडा आणि चेंबूर परिसरातील सेंद्रिय वाफेच्या तक्रारींवर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेलशुद्धीकरण कंपन्या आणि दोन रसायन-साठवण कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. रहिवाशांना त्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

धूर आणि सीमा

नायट्रोजनची ऑक्साइडे घटवण्याचा राजमार्ग वीजक्षेत्रातून जातो. २०२१ मध्ये अल-झूर येथे द्रवीभूत नैसर्गिक वायूचे आयात केंद्र सुरू झाल्याने जड इंधनतेलाऐवजी वायू जाळण्याची सोय वाढली. तरी टर्बाइनमध्ये कमी ऑक्साइडे निर्माण करणारे ज्वालक आणि धुरावर अमोनियाची प्रक्रिया यांची गरज उरतेच. शगाया येथील सौर-पवन प्रकल्प २०१९ पासून वीज देत आहे, परंतु २०३० पर्यंत १५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याचे उद्दिष्ट अद्याप लांब आहे. सौरवीज नेमकी ओझोनच्या वेळीच सर्वाधिक मिळते, हा तिचा फारसा बोलला न जाणारा गुण आहे.

कायद्याची चौकट उपलब्ध आहे. एन्व्हायर्नमेंट पब्लिक ऑथॉरिटी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि २०१४ च्या ४२ क्रमांकाच्या पर्यावरण संरक्षण कायद्याने तिला विस्तृत अधिकार दिले. हवामापन केंद्रांचे जाळेही आहे. त्यात ओझोनबरोबर त्याच्या पूर्वद्रव्यांचे, विशेषतः क्रियाशील हायड्रोकार्बनचे, घटकनिहाय मोजमाप नियमित प्रसिद्ध झाले, तर कोणता उपाय कोठे लागू पडेल हे तर्काने नव्हे तर आकड्यांनी ठरवता येईल.

सीमेपलीकडून येणाऱ्या हवेवर उपाय एकट्याने होणार नाही. समुद्रासाठी आखाती प्रदेशातील आठ देश, त्यांत इराण आणि इराकही, १९७८ मध्ये कुवेत शहरातच एकत्र आले आणि त्यांनी सागरी पर्यावरण संरक्षणाचा करार केला. त्या कराराची संघटना आजही कुवेतमधूनच चालते. त्यानंतर युद्धे झाली, तरी करार टिकला. युरोपने हवेसाठी अशीच वाट धरली. १९७९ च्या जिनिव्हा करारापासून सुरू झालेल्या प्रक्रियेतून १९९९ चा गोथेनबर्ग मसुदा आला, ज्याच्या शीर्षकातच जमिनीलगतच्या ओझोनचा उल्लेख आहे. आखातात पाण्यासाठी जे जमले ते हवेसाठी जमवणे, हे पुढचे राजनैतिक काम आहे.

दुपारची कामबंदी आणि ओझोनची वेळ

कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी असते. हा नियम उष्माघात टाळण्यासाठी झाला, पण ओझोनचा चढता काळही त्याच वेळेत येत असल्याने त्याचा लाभ दुहेरी होतो. मात्र ओझोन घड्याळ पाहून चार वाजता ओसरत नाही. उन्हाच्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत रेंगाळतो आणि त्याचा हंगाम तीन महिन्यांपुरता मर्यादित नसतो. ओझोनचा पूर्वअंदाज अधिक असेल त्या दिवशी कामबंदीची वेळ वाढवणे आणि मे व सप्टेंबर महिन्यांतही तशी तरतूद करणे हा अल्पखर्चाचा आणि तत्काळ फळ देणारा उपाय ठरेल. पूर्वअंदाज देणे आवाक्यातले आहे. पुण्याच्या संस्थेने ‘सफर’ या सेवेतून दिल्ली, पुणे आणि मुंबईसाठी ते काम करून दाखवले आहे.

बांधकाम कंपन्यांत प्रकल्प व्यवस्थापक, सुरक्षा अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या मराठी वाचकांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जड श्रमाची कामे पहाटेकडे सरकवणे त्यांच्या अधिकारात बसते.

घरी आणि दारी

व्यक्तिगत पातळीवर ओझोनपासून बचाव तुलनेने सोपा आहे, कारण त्याची वेळ ठरलेली असते. चालणे, धावणे, मुलांचे क्रिकेट हे सूर्योदयाच्या आसपास ठेवावे. दुपारनंतर खिडक्या बंद आणि वातानुकूलन आतलीच हवा फिरवणारे असेल, तर घरातील ओझोन बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी राहतो. धुळीसाठी वापरला जाणारा मुखपट्टा ओझोनसाठी निरुपयोगी आहे, कारण तो कण अडवतो, वायू नव्हे. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे असेल तर त्यात सक्रिय कोळशाचा थर आहे याची खात्री करावी. ‘ओझोनने हवा शुद्ध करणारी’ म्हणून विकली जाणारी यंत्रे घरात आणूच नयेत. हवा-निर्देशांक पाहताना एकत्रित आकड्यावर न थांबता ओझोनचा स्वतंत्र आकडा पाहावा.

ओझोन कमी करण्यातही आपला वाटा आहे. पेट्रोल सकाळी लवकर किंवा रात्री भरावे, आणि नळी आपोआप थांबल्यावर ‘अजून थोडे’ असे पंपावरील कामगाराला सांगू नये. शाळेच्या दाराशी किंवा बाकाल्यासमोर वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवून थांबणे टाळावे. घरातील तापमान दोन अंशांनी वर ठेवले तर वीजकेंद्राचा भार तेवढा हलका होतो.

लॉस एंजेलिसमध्ये १९५५ साली ओझोनची तासाची सरासरी ६८० पीपीबीपर्यंत गेली होती. आज तेथील वर्षाचे शिखर दोनशेच्या खाली असते, तेही गाड्यांची संख्या अनेकपट वाढलेली असताना. शहर अजून मानकांत बसलेले नाही, पण सत्तर वर्षांचा हा उतार नळी, सील, झडप, इंधन आणि इंजिन यांतील असंख्य छोट्या सुधारणांनी घडवला आहे. कुवेतमध्ये या साऱ्या वस्तू रोज हाताळणाऱ्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. पुढच्या गळती-तपासणीच्या यादीवर सही करताना, त्या झडपेतून निसटलेली वाफ दुपारी फहाहीलच्या शाळेच्या मैदानावर पोहोचू शकते, एवढे ध्यानात ठेवले तरी कामाला सुरुवात होईल.